जुन्या गाडीची हौस

मंडळी, हौस कोणाला नसते? कोणाला बैल सजवण्याची हौस असते. कोणाला भजनाची, कोणाला कुस्तीची. आता गावोगाव आणखी एक हौस दिसते. जुनी जीप किंवा जुनी पिकअप घ्यायची. ती अंगणात उभी करायची. शेतीच्या कामातून वेळ मिळाला की पाना हातात घ्यायचा आणि तिला पुन्हा चालती करायची.

ही हौस वाईट नाही. तिने हात शिकतात. डोके चालते. भंगारात जाणारी वस्तू वाचते. पण भजनात सूर चुकला तर लोक हसतात, एवढेच. गाडीचा ब्रेक चुकला तर माणूस जातो. म्हणून या हौसेला एक नियम हवा. तो पाठ करा :

आधी थांबणारी. मग पळणारी. मग दिसणारी.

पुष्कळ लोक याच्या उलट करतात. आधी रंग मारतात, मोठा आवाजाचा भोंगा लावतात. मग इंजिनाकडे बघतात. ब्रेकची आठवण होते ती उतारावर! या धड्यात आपण सरळ क्रमाने जाऊ.

१. ही गाडी आली कोठून?

पुढे बसायला खोली आणि मागे उघडा हौदा, अशा लहान मालगाडीला पिकअप म्हणतात. ही गाडी शेतकऱ्याच्या गरजेतून जन्मली आहे.

अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी शेतकरी साधी मोटार विकत घेत. तिच्या मागच्या बाजूला घरीच लाकडी पेटी बसवत. त्या पेटीतून धान्य, दूध, भाजी बाजारात नेत. कारखानदारांनी ते पाहिले. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच पोलादी हौदा बसवून दिला. त्या गाडीची किंमत होती २८१ डॉलर.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट तर आणखी गमतीची आहे. १९३२ साली तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले. तिचे म्हणणे असे, की आम्हाला एकच गाडी परवडते. रविवारी तिच्यातून देवळात जाता आले पाहिजे आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता आली पाहिजेत. तशी गाडी करा. ल्यू बँड्ट नावाच्या तरुण कारागिराने तशी गाडी आखली. १९३४ साली ती तयार होऊन विक्रीला आली. पाहा, एका बाईने पत्र लिहिले आणि गाडी घडली! लिहिता येण्यात केवढे बळ आहे!

आपल्याकडे १९४५ साली महिंद्र बंधूंनी कंपनी काढली. १९४७ सालापासून मुंबईत जीप गाड्यांची जोडणी सुरू झाली. जीपची रचना साधी असते. त्यामुळे खेड्यातला मिस्त्रीही ती उघडून दुरुस्त करू शकतो. पुढे १९८८ साली टेल्को कंपनीने टाटा मोबाईल नावाची पिकअप काढली. याच गाडीच्या सांगाड्यावरून १९९१ साली सिएरा ही मोटार निघाली. टेल्कोचे नाव २००३ साली टाटा मोटर्स झाले. अशा जुन्या गाड्या अजून कुठे गोठ्याशेजारी, कुठे गॅरेजमागे उभ्या दिसतात. हौशी माणसाची नजर तिथेच जाते.

२. बैल पारखता, तशी गाडी पारखा

बाजारात बैल घेताना तुम्ही काय करता? नुसती झूल बघून पैसे देता का? नाही. दात बघता. खूर बघता. चालवून बघता. मारका आहे का, बसका आहे का, असे चार जणांना विचारता. गाडीलाही हाच न्याय लावा. रंग म्हणजे झूल. ती बाजूला सारा आणि आत बघा.

पहिली गोष्ट गंज. दाराची खालची कड बघा. पायाखालची चटई उचलून पत्रा बघा. मग गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, खालून बघा. मागचे पाटे जिथे चासीला जोडलेले असतात, ती जागा नीट बघा. लहान हातोडीने हलके ठोका. चांगले लोखंड खणखण वाजते. गंजलेले भद् असा आवाज देते. दाराचा पत्रा बदलता येतो. चासीच कुजली असेल तर ती गाडी घेऊ नका.

गाडी कोठे चालली तेही विचारा. कोकणात समुद्राची खारी हवा असते. तिथे लोखंड लवकर गंजते. मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचे खारे पाणी झिरपते. अशा गाडीचा हौदा आणि चासी दोनदा तपासा.

दुसरी गोष्ट इंजिन. इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल, तर सकाळी पुन्हा जा. थंड इंजिन कसे सुरू होते, त्यावरून पुष्कळ कळते. ऑईलची पट्टी ओढून बघा. ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी मिसळते आहे. ते मोठे काम आहे.

तिसरी गोष्ट धूर. डिझेल पंप चालवणाऱ्याला ही विद्या ठाऊकच असते.

काळा धूर : डिझेल जास्त, हवा कमी. हवेची जाळी तुंबली असेल किंवा नोझल बिघडले असेल.

निळा धूर : ऑईल जळते आहे. रिंगा झिजल्या असतील.

पांढरा धूर : थंडीत सुरुवातीला येऊन थांबला तर चिंता नाही. इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर पाणी आत शिरत असेल.

आणि एक ध्यानात ठेवा. खिशातले सगळे पैसे खरेदीत घालू नका. हौसेला मोल नाही म्हणतात. पण जुन्या गाडीला ब्रेक लागतो, टायर लागतात, बॅटरी लागते. ते पैसे आधीच बाजूला काढा. कर्ज काढून ही हौस करू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

३. कागद स्वतः वाचा

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. मग गाडीचे कागद दुसऱ्याकडून का वाचून घेता? स्वतः वाचा.

नोंदणीच्या कागदाला लोक आर.सी. म्हणतात. त्यावर चासी नंबर आणि इंजिन नंबर असतो. तेच नंबर गाडीवर कोरलेले असतात. चिंधीने तेल पुसा, उजेड धरा आणि एकेक अक्षर जुळवून बघा. अक्षरे आणि आकडे इंग्रजी असतात. शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत घ्या. एक आकडा जरी जुळला नाही, तरी व्यवहार थांबवा. गाडी चोरीची असू शकते.

मग हे बघा. कर्जाचा बोजा चढलेला आहे का? असेल तर फॉर्म ३५ भरून तो उतरवावा लागतो. कर भरला आहे का? विमा चालू आहे का? निदान दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने हवाच. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे धंद्याची मालगाडी असेल, तर फिटनेसचा दाखला लागतो. आठ वर्षांनंतर तो दर वर्षी घ्यावा लागतो. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून ती वाढवतात.

गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत आर.टी.ओ. कचेरीत कळवायचे असते. काही लोक म्हणतात, "करू सावकाश, घाई काय आहे?" हे बोलणे ऐकू नका. गाडी विकली पण नाव बदलले नाही, आणि मग अपघात झाला, तर जबाबदारी कोणाची? कागदावर ज्याचे नाव, त्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितले आहे. म्हणजे गाडी दुसऱ्याच्या दारात आणि भरपाई तुमच्या माथी!

४. गाडीखाली जाण्याआधी

आता गाडी घरी आली. पाना हातात घेण्याआधी पाच गोष्टी शिका. यातली एक जरी विसरलात, तर हौस जिवावर बेतेल.

एक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक घसरतो. सपाट, टणक जागेवर गाडी उभी करा. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चासीखाली लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे ठेवा. विटा रचू नका. भाराखाली वीट फुटते.

दोन. डिझेलची किंवा पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यावर वेल्डिंग करू नका. तेल संपते, वाफ राहते. ठिणगी पडली की टाकी फुटते.

तीन. बॅटरीजवळ विडी ओढू नका. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. बॅटरी सोडताना उणे तार आधी काढा. जोडताना ती शेवटी जोडा.

चार. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

पाच. डिझेलचे नोझल चालते की नाही, हे हात धरून बघू नका. तो फवारा इतका जोराचा असतो की कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट कापण्याची पाळी येते. असे झाले तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा.

५. आधी थांबणारी

एक तरुण जुनी पिकअप घेऊन मिस्त्रीकडे जातो. अशा वेळी बोलणे कसे होते, पाहा.

"काका, इंजिन एकदम झ्याक हाय. आता निळा रंग मारून टाकू?"

"मारशील रे. आधी आत बस. ब्रेकच्या पेडलवर पाय दे आणि दाबून धर. सोडू नको."

"धरला."

"आता मनात साठ आकडे मोज."

"काका, पाय हळूहळू खाली चाललाय की!"

"मग लेका, रंग कुणाला दाखवायचा? दवाखान्यातल्यांना?"

मिस्त्रीने केलेली ही तपासणी तुम्हीही करा. तिला एक पैसा लागत नाही. दाबलेले पेडल जागेवर टिकले पाहिजे. हळूहळू खाली गेले, तर कुठेतरी ब्रेक ऑईल गळते आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून झिजला आहे. पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर नळीत हवा शिरली आहे.

असे का होते? पेडल दाबले की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑईलला रेटतो. ते ऑईल बारीक नळीतून चाकापर्यंत जाते. तिथले लहान सिलिंडर लायनर बाहेर ढकलतात. लायनर ड्रमवर घासतात आणि चाक थांबते. ऑईल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकाला पोचतो. हवा मात्र दबते. नळीत हवा असली की तुमचा जोर तिला दाबण्यातच संपतो. चाक फिरतच राहते.

हवा काढायला दोघे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे. दुसऱ्याने चाकामागचे निपल थोडे सैल करायचे. ऑईलबरोबर बुडबुडे निघतील. निपल घट्ट करायचे, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. आधी पाय उचलला तर हवा पुन्हा आत जाते. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घेतात. वरच्या डबीतले ऑईल संपू देऊ नका.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा पिते. ओलावा पिलेले ऑईल घाटात तापले की आत वाफ होते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. उघडा राहिलेला जुना डबा वापरू नये. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑईल तर मुळीच ओतू नये. त्याने रबर फुगते आणि सगळे ब्रेक निकामी होतात.

आणखी एक. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी फुंकून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ छातीत गेली तर अनेक वर्षांनीसुद्धा मोठा रोग होतो. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्या.

ब्रेक चाक थांबवतो, पण गाडी थांबते ती टायरमुळे. टायरच्या बाजूवर लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर उन्हाने वाळलेले असते. बाजूला बारीक भेगा दिसल्या, तर तो टायर बदला.

शेवटी पट्टा. ल्यू बँड्ट यांची गोष्ट वर वाचली ना? म्हातारपणी त्यांनी आपण आखलेली जुनी गाडी हौसेने नवी केली. १९८७ साली तीच गाडी चालवत असताना एका ट्रकशी टक्कर झाली आणि ते वारले. दोष कोणाचा, ते आपण ठरवायला नको. पण एवढे ध्यानात घ्या. १९३४ सालच्या गाड्या पट्ट्याशिवाय बनत. आज आपण घालतो तो खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा पट्टा १९५९ साली निघाला. जुन्या गाडीचा पत्रा जाड असतो, म्हणून ती सुरक्षित, असे समजू नका. धडक बसली की जाड पत्रा सगळा धक्का आतल्या माणसाकडे देतो. म्हणून जुन्या गाडीत चांगला पट्टा असावा आणि तो लावावा. गाडी हळूच चालवावी.

६. मग पळणारी

गाडी थांबते याची खात्री झाली. आता इंजिनाकडे चला.

इंजिनाला चार गोष्टी लागतात : स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, चांगले ऑईल आणि थंड राहायला पाणी. जुनी गाडी मिळाली की पहिल्याच आठवड्यात ऑईल, ऑईलची जाळी, डिझेलची जाळी आणि हवेची जाळी बदला. जुने ऑईल ओढ्यात किंवा मातीत ओतू नका. थोड्याशा ऑईलनेही पुष्कळ पाणी नासते. डब्यात साठवा आणि गॅरेजवाल्याकडे द्या.

डिझेलची जाळी बदलल्यावर गाडी पुष्कळदा सुरू होत नाही. घाबरू नका. नळीत हवा शिरली आहे. ब्रेकमध्ये शिरते तशीच. जाळीवरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल. मग बुडबुड्याशिवाय सरळ डिझेल येईल. स्क्रू घट्ट करा. आता गाडी सुरू होईल.

रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी घालू नका. चहाच्या पातेल्यात जशी पांढरी खपली धरते, तशी ती रेडिएटरमध्ये धरते. मग इंजिन तापते. शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून घाला.

सांध्यांना ग्रीस द्या. बैलगाडीच्या आखाला वंगण देता ना? तसेच हे. ग्रीस भरण्याआधी निपल पुसा, नाहीतर माती आत जाते.

मोठे काम निघाले तर मिस्त्रीकडे जा. त्यात कमीपणा नाही. ब्रेक, स्टेअरिंग आणि डिझेल पंप या तीन कामांत नवख्याने एकट्याने हात घालू नये. जाणत्या माणसाजवळ उभे राहा, पाहा, विचारा, मग करा.

७. मग दिसणारी

आता रंगाची पाळी. रंग म्हणजे नुसती शोभा नव्हे. तो लोखंडाचे अंगरखे आहे. पण गंजावर मारलेला रंग टिकत नाही. खालून गंज खातच राहतो.

आधी गंज घासून काढा. पत्र्याला भोक पडले असेल तर तिथे लांबी भरून झाकू नका. कुजलेला तुकडा कापा आणि नवा पत्रा वेल्डिंगने जोडा. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची तार सोडा. मग रेड ऑक्साईडचा हात द्या. तो वाळला की रंग द्या. दाराच्या खालच्या बाजूला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती रंगाने बुजवू नका. पाणी आत साठले की दार आतून कुजते. रंगाचा प्रकारच बदलायचा असेल, तर तशी नोंद आर.सी.वर करून घ्यावी लागते.

८. बदल करावा, पण कोणता?

हौशी माणसाला गाडी आपल्या मनासारखी करावीशी वाटते. पण गाडीतला प्रत्येक भाग दुसऱ्या भागाच्या हिशोबाने बनवलेला असतो. एक बदलला की दुसऱ्यावर ताण येतो.

पाटे वाढवण्याचे उदाहरण घ्या. मागे दोन पाटे जास्त घातले की हौदा खाली बसत नाही. माणसाला वाटते, गाडीची ताकद वाढली. पण ब्रेक वाढले का? आख जाड झाला का? टायर बदलले का? नाही. फक्त जास्त भार दिसेनासा झाला. उतारावर तो भार आपले वजन दाखवतोच.

मोठे टायरही तसेच. गाडी उंच दिसते. पण थांबायला जड जाते, वळणावर कलंडते आणि वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो.

कायदाही पाहा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कारखान्याने ठरवलेली रचना मनाने बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच पुन्हा सांगितले. इंजिन बदलायचे असेल तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते. गाडीपुढे लावतात ते लोखंडी गार्डही चालत नाहीत. केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना तसे कळवले आहे. त्या गार्डने पायी माणसाला जास्त मार लागतो.

मग काय करावे? चांगली आसने बसवा. जुन्या तारा बदला. प्रत्येक तारेला योग्य फ्यूज लावा. फ्यूज उडाला तर त्या जागी तार गुंडाळू नका, नाहीतर गाडी पेटेल. मागचे लाल दिवे आणि चमकत्या पट्ट्या नीट ठेवा. हौद्याला ताडपत्रीसाठी कड्या लावा. अशा कामांत कारागिरी दिसते आणि कोणाला धोका होत नाही.

आणि हौद्यात माणसे भरू नका. लग्नाचे वऱ्हाड असो, यात्रा असो की मजूर असोत. हौदा मालासाठी आहे. तिथे धरायला काही नसते. गाडी वळली की माणूस फेकला जातो. मालाच्या गाडीत फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे न्यायालयाने सांगितले आहे. ती गाडीच्या धन्यावर येते. पण भरपाईने काय होणार? गेलेला माणूस परत येत नाही.

९. वही ठेवा

गाडीसाठी एक वही करा. पान असे आखा :

तारीख | किलोमीटर | काय केले | काय बदलले | खर्च

आता त्यात लिहा. "ब्रेकची हवा काढली." "डावा मागचा सिलिंडर बदलला." "ऑईल घातले." दर वेळी लिहा. सही करा.

या वहीचा उपयोग काय? पुढचे ऑईल कधी बदलायचे, ते आठवावे लागत नाही. मिस्त्रीने गेल्या वर्षी काय केले, ते दाखवता येते. खर्चाची बेरीज दिसते, म्हणजे हौस हाताबाहेर जात नाही. उद्या गाडी विकायची झाली, तर घेणारा या वहीवर विश्वास ठेवतो. तोंडच्या शब्दापेक्षा लिहिलेले ओझे जास्त तोलते.

आणि दर वेळी गाडी दारातून बाहेर काढण्याआधी पाच कामे करा. पेडल दाबून बघा. टायर बघा. खाली कसले डाग पडले आहेत का, ते बघा. दिवे लावून बघा. पट्टा लावा. याला पाच मिनिटे लागतात.

मंडळी, जुनी गाडी म्हणजे म्हातारा बैल. त्याला प्रेमाने वागवले तर तो काम करतो आणि घराची शोभाही होतो. पण त्याच्या खांद्यावर किती ओझे घालायचे, हे धन्याला कळले पाहिजे. गाडी हौसेने ठेवा. हौसेने दुरुस्त करा. आणि रस्त्यावर आणण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : ही थांबते का?

शब्दांचे अर्थ

हौदा : गाडीचा मागचा उघडा भाग, ज्यात माल भरतात
चासी : गाडीचा लोखंडी सांगाडा
पाटे : गाडीचे वजन झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या
लायनर : ब्रेकमध्ये ड्रमवर घासणारा भाग
निपल : हवा काढण्याचे किंवा ग्रीस भरण्याचे लहान तोंड
नोझल : इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारा भाग
लांबी : भेगा आणि भोके बुजवण्याचा लगदा
बोजा : गाडीवर नोंदलेले कर्ज

वाचा, विचार करा, सांगा

१. "आधी थांबणारी, मग पळणारी, मग दिसणारी" या नियमाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
२. ब्रेकच्या नळीत हवा शिरली तर चाक का थांबत नाही?
३. निळा धूर आला तर काय समजावे?
४. टायरवर ०८२१ असे आकडे आहेत. तो टायर कोणत्या साली बनला?
५. जादा पाटे घातले तर गाडीची ताकद खरोखर वाढते का? कारण सांगा.
६. गाडी विकली, पण नाव बदलले नाही. मग अपघात झाला तर काय होईल?

करून पाहा

गावातल्या एखाद्या गाडीचा आर.सी. मालकाला विचारून हातात घ्या. त्यावरचा चासी नंबर वहीत उतरवा. मग गाडीवरचा नंबर शोधा आणि दोन्ही जुळवून बघा.